भोंग्यासमोरची बैठक

बिबवेवाडीतल्या एखाद्या सदनिकेत चार जणांचा बँड एकत्र वाजवत ध्वनिमुद्रण करू पाहतो, तेव्हा पहिली अडचण यंत्राची नसते. कोणी कुठे बसायचे, ही असते. ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो, गिटार भिंतीवर आपटून परत येते. मित्रहो, हा पेच १२० वर्षांहून जुना आहे. आणि खोली आधी आली, स्टुडिओ मागाहून, हेही ध्यानात असू द्या.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या तंत्रज्ञाने कलकत्त्यात हिंदुस्थानातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली, ती हॉटेलच्या खोलीत. गौहर जान तिथेच गायल्या. माइक नव्हता, वीज नव्हती. पत्र्याच्या भोंग्यात शिरलेला आवाज पातळ पडदा हलवी आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. आवाज कमी-जास्त करण्याचे साधन एकच : अंतर. गायिका भोंग्याच्या तोंडाशी, साथीदार मागे. तंबोऱ्याचा झंकार बहुधा विरून जाई. मेण वाजवून पाहावे तर रेघ बिघडे. म्हणून चूक झाली की नवे मेण. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. सियालदहचा कारखाना १९०८ चा.

एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटे मावत. तासभर फुलणारा ख्याल त्यात कसा बसवायचा? पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. माझ्या मते मराठी संगीताच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी शांतता आहे.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, माइक आला. पण बैठकीचा प्रश्न सुटला नाही. उलट बोलपटाने तो वाढवला. कोल्हापुरात प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर खरोखरच गात होते. तेव्हाच्या बोलपटांत वादक चित्रचौकटीबाहेर दडून बसत : माइकला ऐकू यावेत, भिंगाला दिसू नयेत इतक्याच अंतरावर. पात्र सरकले की वादकांनीही सरकायचे! या कवायतीतून सुटका झाली ती पार्श्वगायनाने. ते १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये रुजवले. वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर सुटी मुद्रित करण्याची सोय तर फार नंतरची.

प्रभात १९३३ साली पुण्यात आली. तिथे १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ तयार झाला. एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, संगीत मास्टर कृष्णरावांचे. दोघेही भास्करबुवांचे शिष्य. गुरूचा आवाज ज्या शहरात तबकडीविना विरला, तिथेच १३ वर्षांनी शिष्यांचे सूर यंत्राने टिपून घेतले.