कुलाब्याची सुई आणि ट्रामगाडी

नल्लकुंटा हे नाव तेलुगू आहे. ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंट’ म्हणजे तळे. हैदराबाद शहराच्या ह्या भागात शृंगेरीचा शंकरमठ असल्यामुळे तेलुगू, कन्नड आणि मराठी भाविकांची येथे नित्य ये-जा असते. मठापासून पूर्वेकडे निघावे, उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर ओलांडावा, म्हणजे चार-पाच किलोमीटरांवर, उप्पलच्या रस्त्याला, इ. स. १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था लागते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा ह्या संस्थेने इ. स. १९६४ मध्ये आपल्या आवारात सुरू केली. नोव्हेंबर २०१७ पासून ह्याच रस्त्यावरून विजेची मेट्रो आगगाडी धावू लागली असून तिच्या एका स्थानकास संस्थेचेच नाव दिलेले आहे.

विजेची गाडी आणि चुंबकाची सुई ह्यांचा हा शेजार वाटतो तितका सलोख्याचा नाही. वीज, चुंबकत्व आणि गती ही तिन्ही एकाच कुळातली; आणि भावकीत असावी तशी त्यांच्यात एकमेकांच्या घरात डोकावण्याची खोड आहे. ह्या भावकीचा तंटा आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईस उभा राहिला होता. तो कसा मिटविण्यात आला, ही कथा सांगण्याजोगी आहे.

देवालय बांधताना पूर्व दिशा नेमकी साधावी लागते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आपले पूर्वज त्यासाठी शंकू रोवून सकाळच्या व दुपारनंतरच्या छायेवरून दिशा काढीत. चुंबकाच्या सुईवर विसंबणे त्यापेक्षा सोपे खरे; परंतु सुई दाखविते ती उत्तर आणि ध्रुवाकडील खरी उत्तर ह्यांत थोडे अंतर असते, ते स्थळागणिक निराळे असते, आणि वर्षानुवर्षे हळूहळू बदलतही जाते. एवढेच नव्हे, तर एकाच दिवसात सूर्य चढतो-उतरतो तसा सुईवरील ओढीतही सूक्ष्म चढउतार होत असतो. हा बदल का होतो, हे कोडे एकोणिसाव्या शतकातील विद्वानांस पडले.

त्या कोड्याची पहिली किल्ली इ. स. १८२० मध्ये सापडली. कोपनहेगन येथील प्राध्यापक अर्स्टेड ह्यांनी विद्युत्प्रवाह वाहणारी तार चुंबकाच्या सुईजवळ आणली, तेव्हा सुई आपली दिशा सोडून बाजूस वळली. प्रवाह थांबविताच ती पूर्ववत झाली. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात मायकेल फॅरडे ह्यांनी प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली. विजेच्या प्रत्येक मोटारीचे बीज त्या प्रयोगात आहे. इ. स. १८३१ मध्ये त्यांनीच उलट बाजूही दाखविली : तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हालविला असता तारेत वीज वाहू लागते. विजेपासून चुंबकत्व, त्या दोहोंपासून गती, आणि गतीपासून पुन्हा वीज, असे हे चक्र पूर्ण झाले.

पृथ्वी हा स्वतःच एक विराट चुंबक असल्यामुळे तिच्या पाठीवर ठिकठिकाणी एकाच वेळी वेध घेतले पाहिजेत, हा विचार जर्मनीत गाउस व वेबर ह्यांनी पुढे मांडला आणि अनेक राष्ट्रांनी तो उचलला. मुंबईच्या कुलाबा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८२६ मध्ये एक वेधशाळा स्थापन केली होती. तिचे मूळ काम आकाशाचे वेध घेऊन बंदरातील जहाजांस अचूक वेळ सांगण्याचे. इ. स. १८४१ पासून एल्फिन्स्टन संस्थेतील ज्योतिषाचे प्राध्यापक ऑर्लेबार ह्यांनी तेथे चुंबकीय व हवामानविषयक वेधांस आरंभ केला.

ह्या वेधशाळेशी मराठी माणसांचा संबंध आरंभापासून आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, हे तरुणपणी ऑर्लेबार ह्यांचे साहाय्यक म्हणून तेथे होते. ज्या केरूनानांनी पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचिली, आणि ज्यांच्या शोधनामुळे पटवर्धनी पंचांग निघाले, त्यांच्या डोळ्यास व हातास वेधाची शिस्त लागली ती येथे. व्रतवैकल्यांच्या तिथी ज्या पंचांगावरून पाहावयाच्या, त्याच्या शुद्धीचा एक धागा असा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जाऊन पोहोचतो.

हे वेध घेण्याची रीत मोठी चिकाटीची होती. एका बंद खोलीत बारीक धाग्याने चुंबक आडवा टांगलेला असे. त्याला एक लहानसा आरसा बसविलेला असे. काही अंतरावर दुर्बीण आणि मोजपट्टी असे. निरीक्षकाने दुर्बिणीतून आरशात पाहावयाचे; मोजपट्टीवरील जो आकडा तेथे प्रतिबिंबित झालेला दिसे तो वहीत उतरवावयाचा. चुंबक केसभर हालला तरी दूरच्या पट्टीवर आकडा पालटे. तासातासाला, रात्री-अपरात्री, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतानाही, हे चालूच राही. पुढे छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटविणारी यंत्रे आली; परंतु आरंभीची कित्येक वर्षे ही सारी मदार माणसाच्या जागरणावरच होती.

त्या जागरणाचे मोल इ. स. १८५९ मध्ये दिसून आले. त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन ह्यांना सूर्यबिंबावरील डागांजवळ एकाएकी लखलखाट झालेला दिसला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी जगभर चुंबकाच्या सुया थरारू लागल्या. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून आपोआप वीज वाहू लागली, आणि काही ठिकाणी बॅटरी काढून घेतल्यावरही संदेश गेले. मुंबईस तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीची तासाची वेळ सोडून थोड्याथोड्या मिनिटांनी आकडे टिपले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्यांच्या वहीत नोंदलेले आहे. हा जोर तेथे एकूण अडतीस हजारांच्या आसपास असतो. म्हणजे शेकडा चार इतकी ही घट झाली. सूर्याकडून आलेले विद्युत्भारित कण पृथ्वीभोवती अंतराळात फिरू लागले, म्हणजे त्यांचा एक प्रचंड प्रवाहच बनतो, आणि त्या प्रवाहाचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वास विरोध करते, असा ह्याचा उलगडा आज दिला जातो. अर्स्टेडच्या मेजावरील तार जणू आकाशाएवढी झाली होती. निरीक्षकांस ह्यातले काही ठाऊक नव्हते. दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, एवढेच.

विद्वान चार्ल्स चेंबर्स ह्यांच्या हाती ह्या वेधशाळेची सूत्रे इ. स. १८६५ पासून तीस वर्षे होती. इ. स. १८९६ मध्ये ते वारल्यावर नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे संचालक झाले. ह्या पदावर येणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच तो तंटा उभा राहिला.

मुंबईस इ. स. १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. तिच्या जागी विजेची ट्राम आणावी असे घाटू लागले. वाढत्या शहरास तिची गरज होती, ह्यात शंका नाही. परंतु ट्रामला लागणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. ती वरच्या तारेतून गाडीत येते आणि खालच्या रुळांवाटे परत जाते. तार आणि रूळ जवळजवळ असल्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांस बव्हंशी मारून टाकतात. पण रूळ जमिनीवर पडलेले. त्यांतली काही वीज मातीत झिरपते आणि दूरदूर भटकते. तिला मारून टाकणारा जोडीदार जवळ नसतो. शंभर अँपिअरचा असा सरळ प्रवाह एक किलोमीटर अंतरावर सुमारे वीस नॅनोटेस्लांचे क्षेत्र निर्माण करतो. आपल्या प्रांतात सुईचा रोजचा स्वाभाविक चढउतार काही दशकांचाच असतो. गाडी चालू झाली, थांबली, वळली, की सुई डचमळणार. मग त्यातले सूर्याचे किती आणि ट्रामचे किती, हे निवडावे कसे? साठ वर्षांची नोंद ट्रामच्या पहिल्या फेरीसरशी निरुपयोगी होणार होती.

ट्राम नको, असे म्हणण्याचा मार्ग मूस ह्यांनी धरिला नाही. आणि वेध बंद करण्याचाही धरिला नाही. त्यांनी नवी जागा शोधिली. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरांवर दक्षिणेस, कान्होजी आंग्र्यांच्या जलदुर्गासमोर, अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यानजीक ती मिळाली. ह्या जलदुर्गाचे नावही कुलाबा, आणि अलिबाग हे ज्या जिल्ह्याचे ठाणे होते तो जिल्हाही त्या काळी कुलाबाच. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यासच गेली. केरूनानांचे नागावही तेथून हाकेच्या अंतरावर. नवी इमारत पोरबंदरच्या दगडाची केली, कारण त्या दगडात चुंबकत्व नाही. बिजागऱ्या, कड्या, खिळे ही सारी तांब्या-पितळेची घातली. लोखंडास तेथे मज्जाव केला. सोवळ्याची कल्पना आपणांस परिचित आहे. हे एका परीने विज्ञानाचे सोवळेच होते.

परंतु खरी दूरदृष्टी ह्यापुढे दिसते. एका ठिकाणची सुई आणि तीस किलोमीटरांवरची सुई ह्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत; तेथला खडक निराळा, अक्षांश निराळा. कुलाब्याची वही मिटून अलिबागेस नवी उघडली असती, तर जुनी साठ वर्षे आणि पुढची सारी वर्षे ह्यांच्यामध्ये कायमची दरी राहिली असती. म्हणून इ. स. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. दोहोंतील अंतर किती, हे असे निश्चित झाल्यावरच कुलाब्याचे चुंबक विसावले. त्यानंतर ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. कोणाचेच काम अडले नाही.

आपल्या समाजाच्या स्मृतीत अशी स्थलांतरे आहेत. सोळाव्या शतकात संकट ओढवले तेव्हा श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. स्थान बदलले, उपासना टिकली. त्या प्रसंगातील यातनांशी वेधशाळेच्या हालविण्याची तुलना होऊ शकत नाही. तरी जागा सोडावी लागली म्हणून परंपरा सोडावी लागत नाही, एवढा बोध दोहोंत समान आहे.

इ. स. १८४६ ते १९०५ ह्या काळातील वेधांचे संकलन मूस ह्यांनी दोन खंडांत इ. स. १९१० मध्ये प्रसिद्ध केले. हे कार्य इ. स. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे पुढे आले. इ. स. २००३ मध्ये त्या संस्थेतील गुरबक्ष लखीना व अमेरिकेतील त्सुरुतानी आदी शास्त्रज्ञांनी १८५९ च्या त्या दिवसाचे आकडे जुन्या कागदांतून पुन्हा वाचले, तेव्हा तितके मोठे चुंबकीय वादळ त्यानंतर नोंदले गेले नसल्याचे जगास उमगले. मे २०२४ मध्ये जे वादळ झाले, आणि ज्याचा तांबूस प्रकाश लडाखातील हानले येथूनही दिसला, त्यात हीच घट जगभरच्या सरासरीने सुमारे चारशे नॅनोटेस्लांची होती. उपग्रह आणि वीजवाहिन्या ह्यांवर ज्याचे जीवन विसंबले आहे अशा आजच्या जगास, आणखी किती मोठा तडाखा बसू शकतो ह्याचा अंदाज देणारी मुख्य साक्ष कुलाब्याच्या वहीतली आहे.

आता पुन्हा हैदराबादेस येऊ. तेथील मेट्रोची वीज ट्रामसारखी एकाच दिशेची नाही. ती सेकंदास पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे सुईस एका बाजूस ओढून धरीत नाही. तथापि लोखंडाच्या जड गाड्या, मोटारी, इमारती आणि तारा ह्यांची दाटी वाढली की शहरातील वेधास बाधा येतेच. म्हणून ह्या संस्थेनेही विजयवाड्याच्या रस्त्यावर चौटुप्पल येथे, शहराच्या गलबल्यापासून दूर, दुसरी चुंबकीय वेधशाळा उभारली आहे. मूस ह्यांनी घालून दिलेला पाठ येथेही उपयोगी पडला.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. ज्या वाहनासाठी सुईने घर सोडले ते वाहन सत्तावन्न वर्षांत इतिहासजमा झाले. आणि त्याच वर्षी हैदराबादेस नवी सुई टांगली गेली. अलिबागची सुई तर अद्यापि आपले काम करीत आहे. गाभाऱ्यातील नंदादीपात तेल घालणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही, परंतु दीप विझला नाही हे सर्वांस दिसते. कुलाब्यास रात्रीच्या प्रहरी दुर्बिणीशी बसून आकडा टिपणाऱ्या त्या निरीक्षकांविषयी ह्याहून निराळे काय म्हणावे?