भेंडीवरचा केवडा आणि जपून ठेवलेले पान

वाशीच्या घाऊक बाजारातील कोवळ्या, हिरव्या भेंडीकडे पाहताना तिच्यामागे शंभर वर्षांचा झगडा आहे हे ध्यानात येत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान आणि अखेर फळही पिवळे होते. शेतकरी या रोगाला 'केवडा' म्हणतात. नाव सुगंधी, परिणाम मात्र पीक बुडवणारा.

मुंबई इलाख्यातील या रोगाची नोंद जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर यांनी आणि १९५० मध्ये कपूर व वर्मा यांनी त्याचा अधिक अभ्यास मांडला. शब्दांतली ही वर्णने आज वाचता येतात. पण त्या शब्दांनी नेमका कोणता विषाणू दाखवला? आता आपल्याला ठाऊक आहे की एकाच केवड्यामागे एकाहून अधिक विषाणू असू शकतात. शब्द एक, अर्थ अनेक. केवळ वर्णनावरून निवाडा होत नाही.

इथे संग्रहाचे मोल कळते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर संग्रहात बुरशीचे वाळवलेले नमुने जपले आहेत. विषाणूचे जतन अधिक अवघड, कारण जिवंत पेशीबाहेर तो वाढत नाही. केवड्याचा विषाणू नुसता रस चोळूनही दुसऱ्या झाडाला लागत नाही. त्याला पांढरी माशी किंवा कलम लागते. म्हणजे तो जिवंत राखायचा तर जाळीच्या घरात, रोपामागून रोपावर. आणि मुखोमुखी चालत आलेल्या ओवीप्रमाणे प्रत्येक संक्रमणात पाठ बदलण्याचा धोका. म्हणूनच स्थळ, पीक आणि दिनांक लिहून वाळवलेले वा गोठवलेले पानही सोबत ठेवावे लागते.

हा केवळ हौसेचा व्याप नव्हे. 'पुसा सावनी' हा वाण केवड्याला दाद देत नसे. पुढे तो बळी पडू लागला. मग रानटी भाऊबंदाशी संकर करून परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' दिला. कालांतराने त्याचीही ताकद ओसरली. विषाणू बदलला, की दुसराच आला? जुना पाठ हाती नसेल तर उत्तर केवळ तर्कच राहते.

जुने पान किती बोलू शकते, याचा दाखला आफ्रिकेतून मिळतो. साबुदाण्याच्या कसावाचा एक भाऊबंद मध्य आफ्रिकेत १९२८ साली गोळा करून वाळवला गेला होता. त्यातील विषाणूची जनुकीय संहिता अलीकडे संशोधकांनी वाचली. ज्याने ते पान दाबून ठेवले, त्याला ती वाचण्याची विद्या ठाऊक नव्हती. पोथी जपणाऱ्यालाही पुढचा वाचक कुठे ठाऊक असतो?