गावाबाहेरचा रस्ता

गावातून जाणारा हमरस्ता गाड्यांनी तुंबला म्हणजे तो गावाबाहेरून न्यावा, ही युक्ती कोणाही शहाण्या माणसास सुचेल. परंतु बाहेर नेलेला रस्ता पुढे बाहेरच कसा राहावा, हा प्रश्न ओळखावयास इंग्लंडातही पुष्कळ वर्षे जावी लागली.

लंडनहून पोर्ट्‌स्मथकडे जाणाऱ्या वाटेवर, थेम्सच्या काठी, किंग्स्टन हे जुन्या बाजाराचे गाव आहे. त्याच्या अरुंद पेठेतील कोंडी चुकविण्यासाठी काढलेला बाह्यवळण रस्ता १९२७ साली पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्या हस्ते खुला झाला. रस्ता रुंद होता, सरळ होता. चूक होती ती कडेच्या जमिनीत. ती ज्याची त्याची खासगी, आणि तिला आता आयता रस्ता लाभलेला! घरे बांधून विकणाऱ्यांनी ही संधी का दवडावी? थोड्याच वर्षांत दुतर्फा घरांची आणि दुकानांची रांग लागली, आणि दारादारातून गाड्या थेट रस्त्यावर येऊ लागल्या. घरे घेणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. पुढे बाग आणि दाराशी रस्ता कोणास नको? तथापि ज्या गर्दीपासून रस्ता पळाला, तीच त्याच्या अंगणात येऊन बसली.

अशी उदाहरणे देशभर झाल्यावर १९३५ साली कायदा झाला. मुख्य रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत इमारत बांधावयाची किंवा नवी वाट काढावयाची, तर परवानगी हवी. हे अर्थात वरातीमागून घोडे होते. रोगाच्या मुळाशी हात गेला तो १९४९च्या कायद्याने. विशिष्ट वाहनांसाठीच राखलेला, कडेच्या जमिनीस ज्यावर हक्काची वाट नाही असा रस्ता बांधण्याची सोय त्याने झाली.

त्याचे पहिले फळ म्हणजे लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन शहरास वळसा घालणारा सव्वाआठ मैलांचा रस्ता. परगण्याचे अभियंते जेम्स ड्रेक यांनी त्याची आखणी केली. जाण्यास दोन व येण्यास दोन पदर. मध्ये मात्र ३२ फुटांची पट्टी मोकळी, पुढे दोन्हीकडे एकेक पदर वाढविता यावा म्हणून. पूलही त्याच हिशेबाने रुंद बांधले. ५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांनी त्याचे उद्घाटन केले, आणि अवघ्या ४६ दिवसांनी तो बंद करावा लागला! पृष्ठभागात मुरलेले पाणी गोठले, मग झपाट्याने वितळले, आणि काही भाग उखडला. देशातील पहिल्या मोटरवेची ही फजिती हसण्याजोगी खरी. पण उखडलेला पृष्ठभाग दुरुस्त होतो, घरांची रांग उठविता येत नाही. राखून ठेवलेल्या जागेत १९६६ साली तिसरा पदर झाला.

आपल्याकडे २००२ साली पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच दुसऱ्या जातीचा. ठरलेल्या ठिकाणांवाचून त्यावर चढता येत नाही. त्याच वाटेवरचा कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग पुण्याच्या पश्चिमेस, शहर टाळण्यासाठीच काढलेला. आज वारजे, बाणेर, वाकड येथील उंच इमारती त्याच्या दोन्ही अंगांस उभ्या आहेत, आणि त्यावरून जाताना शहर नेमके कोणत्या बाजूस आहे, हे परक्या माणसास सांगणे आम्हांस कठीण जाते.