संगणकीय खेळांतील भाषाबदल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (यवतमाळ जिल्ह्यातील भाषांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
भाषेचा इतिहास शिलालेख, ताम्रपट व ग्रंथ यांतून अभ्यासला जातो. संगणकयुगात त्यात आणखी एका साधनाची भर पडली. ते म्हणजे संगणकीय खेळाची भाषा ठरविणारी सेटिंगची फाईल होय. खेळणाऱ्यास ती सहसा दिसत नाही. तथापि कोणत्या भाषेला संगणकात स्थान मिळाले, याची नोंद तीत सापडते.

मराठीचा प्रवेश :
फाईलमध्ये भाषेचे नाव बदलण्यापूर्वी त्या भाषेची अक्षरे संगणकास ज्ञात असावी लागतात. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आणि १९९१ मध्ये इस्की हे राष्ट्रीय मानक निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही त्या दशकात बहुतेक मराठी फॉन्टची संकेतरचना वेगवेगळी असल्याने एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीचा वापर सुलभ झाला.

भाषाबदलाची प्रक्रिया :
बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेला 'टक्स पेंट' हा मुलांचा चित्रे काढण्याचा मुक्त खेळ या दृष्टीने उल्लेखनीय आहे. लिनक्स प्रणालीत त्याच्या वैयक्तिक सेटिंगच्या फाईलचे नाव टिंबाने सुरू होते; म्हणून ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. तीत भाषेच्या ओळीत रोमन लिपीत 'मराठी' असे लिहिले, की खेळाच्या सूचना मराठीत दिसतात. मात्र ती ओळ अनुवाद करीत नाही. स्वयंसेवकांनी आधी केलेला अनुवाद केवळ निवडते. अनुवाद नसल्यास इंग्रजीच कायम राहते.

यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ :
यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी व बंजारा बोली बोलल्या जातात. केळापूर, मारेगाव व झरी-जामणी या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे. आंतरराष्ट्रीय मानकात कोलामीस 'केएफबी' हे संकेतनाम आहे. परंतु टक्स पेंटच्या भाषांच्या यादीत ती नाही. याउलट, २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आलेली संथाळी त्याच यादीत देवनागरी व ओल चिकी अशा दोन लिप्यांत आढळते. आदिवासी भाषेस हे स्थान मिळणे अशक्य नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
भाषेला मिळालेले संकेतनाम हा केवळ पत्ता आहे. त्या पत्त्यावर मजकूर पोहोचविण्याचे काम भाषकांनाच करावे लागते. मराठीबाबत ते घडले. कोलामीबाबत ते घडेपर्यंत कोलाम मुलांसाठी फाईलमधील ओळ बदलणे म्हणजे इंग्रजीऐवजी मराठी किंवा अन्य एखादी परभाषा निवडणे एवढेच राहील.