स्लिक रिक : रॅपगीतातील आख्यानाची घडण

मौखिक वाङ्मयाचा विचार करू लागले की अभ्यासकांची दृष्टी बहुधा भूतकाळाकडे वळते. कथागीते, वीरगाथा, लोकाख्याने ज्या समाजांत निर्माण झाली ते समाज मागे पडले. आता उरले आहे ते केवळ संकलनाचे व जतनाचे काम, अशी एक भावना या अभ्यासाच्या मुळाशी असते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या मोडकळीस आलेल्या वस्तीत एक नवा मौखिक पद्यप्रकार जन्मास यावा, त्याने ध्वनिमुद्रणाच्या यंत्रालाच आपले साधन करावे आणि त्यातून कथनाची एक स्वतंत्र परंपरा उभी राहावी, ही घटना या भावनेस छेद देणारी आहे. हिप-हॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलासंप्रदायातील पठणाचे अंग म्हणजे रॅप होय. रॅपमध्ये आख्यानाला जे स्थान प्राप्त झाले त्याचे श्रेय ज्या थोड्या कलावंतांकडे जाते, त्यांत स्लिक रिक याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

रिचर्ड मार्टिन लॉइड वॉल्टर्स हे त्याचे मूळ नाव. त्याचा जन्म १९६५ साली दक्षिण लंडनमधील मिचम येथे झाला. आईवडील जमेकन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज बेटांतून इंग्लंडमध्ये श्रमिकांचा जो ओघ सुरू झाला, त्यातून लंडनच्या उपनगरांत कॅरिबियन कुटुंबांची वस्ती वाढली होती. त्या वस्तीतील मुलांच्या कानांवर दोन भाषा एकाच वेळी पडत : घरातील जमेकन बोली आणि शाळेतील व रस्त्यावरील लंडनची इंग्रजी. अगदी लहानपणी काच लागून रिचर्डचा उजवा डोळा निकामी झाला. पुढे डोळ्यावरील पट्टी ही त्याच्या रंगमंचीय वेषाची खूण बनली. १९७६ साली हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात येऊन राहिले. अशा रीतीने अकराव्या वर्षीच त्याच्या कानांवर तिसरी बोली येऊन आदळली, ती ब्रॉन्क्समधील कृष्णवर्णीय अमेरिकनांची.

त्या काळचा ब्रॉन्क्स कसा होता हे ध्यानात घेणे अवश्य आहे. वस्तीच्या मधोमध चिरत गेलेला क्रॉस ब्रॉन्क्स महामार्ग, कारखान्यांचे स्थलांतर, सधन गोऱ्या कुटुंबांचे उपनगरांकडे निघून जाणे आणि नगरपालिकेची आर्थिक दुरवस्था यांमुळे दक्षिण ब्रॉन्क्समधील चाळीच्या चाळी ओस पडल्या होत्या. कित्येक इमारती आगींत जळून गेल्या होत्या. याच भागात सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेला नृत्यसमारंभ हिप-हॉपचा आरंभबिंदू मानला जातो. तेथे तबकड्या वाजविणारा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, हा स्वतः जमेकातील किंग्स्टनचा. गीतातील केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने पुनःपुन्हा वाजवून लांबवावयाचा, आणि त्यावर ध्वनिक्षेपकातून जमलेल्यांना उद्देशून पद्यमय हाका द्यावयाच्या, ही त्याची पद्धती. जमेकात वादनगाड्यांच्या समारंभांत तबकडीवर बोलत राहण्याची जी ‘टोस्टिंग’ नामक रीत होती, तिच्याशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. तथापि हिप-हॉप ही जमेकातून जशीच्या तशी आणलेली वस्तू नव्हे. अमेरिकन कृष्णवर्णीयांमध्ये दीर्घ पद्यकथा तोंडपाठ म्हणण्याची परंपरा पूर्वीपासून नांदत होती. शब्दचातुर्याने सिंहास फशी पाडणारे माकड किंवा १८९५ साली सेंट लुईस येथे घडलेल्या खुनाभोवती रचला गेलेला स्टॅगोली हे त्या परंपरेतील सुपरिचित नायक होत. रिचर्ड वॉल्टर्स ब्रॉन्क्समध्ये आला तेव्हा हे दोन प्रवाह तेथे एकत्र आलेले होते, आणि त्या मुलाच्या घरातही त्यांतील एक प्रवाह वाहत होता.

संगीत व कला यांचे शिक्षण देणाऱ्या लाग्वार्डिया विद्यालयात त्याची डेना डेन या सहाध्यायाशी गाठ पडली. दोघांनी मिळून ‘कँगॉल क्रू’ नावाचा चमू काढला. याच सुमारास तोंडाने तालवाद्यांचे ध्वनी काढण्याच्या कलेत निष्णात असलेल्या डग ई. फ्रेश याच्याशी त्याचा परिचय झाला. १९८५ साली या दोघांची जी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्या एका बाजूस ‘द शो’ आणि दुसऱ्या बाजूस ‘ला दी दा दी’ ही गीते होती. त्या वेळी रिचर्ड ‘एमसी रिकी डी’ हे नाव लावीत असे. ‘ला दी दा दी’ची योजना विलक्षण साधी आहे. वाद्य एकही नाही. डगच्या मुखातून निघणारा ताल आणि रिकचा आवाज एवढाच सगळा संभार. नायक सकाळी उठतो, न्हातो, सुगंधी द्रव्ये लावतो, नामांकित पेढ्यांची वस्त्रप्रावरणे चढवून बाहेर पडतो. वाटेत त्याला एक रडणारी तरुणी भेटते, आणि मग तिची आई त्याच तरुणावर अनुरक्त होऊन मुलीशी भांडते. कथानक प्रहसनाचे आहे. परंतु त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली म्हणजे वस्तूंच्या तपशिलातून व्यक्ती उभी करण्याची हातोटी : नायकाचा डौल विशेषणांनी सांगितलेला नाही; तो साबण, पावडर, टोपी व जोडे यांच्या नामावळीतून सिद्ध होतो. दुसरी म्हणजे पात्रागणिक बदलणारा आवाज. वृद्धेचे शब्द वृद्धेच्या स्वरात येतात, आणि निवेदक तिच्याकडे एक पाऊल मागे सरून पाहत राहतो.

रॅपमध्ये तोपर्यंत कथा नव्हती असे नाही. १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये मित्राच्या घरी वाढलेल्या निकृष्ट जेवणाचा विनोदी प्रसंग आहे, १९८२ च्या ‘द मेसेज’च्या अखेरीस दारिद्र्यात जन्मलेल्या एका मुलाची तुरुंगात संपणारी जीवनकथा आहे. मात्र या ठिकाणी कथा ही मोठ्या रचनेतील एक कडवे वा खंड म्हणून येते. संपूर्ण गीत म्हणजे एक आख्यान, त्याला आदि-मध्य-अंत, पात्रे व संवाद आणि निवेदकाची निश्चित भूमिका, हा साचा स्लिक रिकच्या हातून स्थिर झाला. त्याचे परिपक्व रूप १९८८ साली डेफ जॅम या संस्थेने प्रकाशित केलेल्या ‘द ग्रेट ॲडव्हेंचर्स ऑफ स्लिक रिक’ या पहिल्या संग्रहात पाहावयास मिळते.

या संग्रहातील ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ हे गीत रॅपमधील आख्यानकलेचा नमुना म्हणून वारंवार निर्देशिले जाते, आणि ते यथार्थ आहे. निजावयास निघालेली लहान मुले काकाला गोष्ट सांगण्याचा आग्रह करतात. काका परीकथेच्या पारंपरिक सुरावर आरंभ करतो, परंतु गोष्ट निघते ती एका वाट चुकलेल्या पोराची. सोबत्याच्या नादाने तो लुबाडणुकीस प्रवृत्त होतो. साध्या वेषातील पोलिसाच्या वाटेस जातो. मग पाठलाग, हातातील बंदूक, पळविलेली मोटार, ओलीस धरलेली गर्भवती स्त्री, आणि अखेर मृत्यू. गोष्ट संपते तेव्हा निवेदक पुन्हा मुलांच्या बिछान्याशी परततो.

या रचनेचे मर्म चौकट आणि चित्र यांच्यातील विसंगतीत आहे. निजवेळची गोष्ट ही मुलाला आश्वस्त करण्यासाठी असते. येथे तोच प्रेमळ, किंचित लाडिक स्वर एका हिंसक मृत्यूच्या वर्णनास जुंपला आहे. निवेदक आवाज चढवीत नाही, शोक करीत नाही, व्यवस्थेवर आरोपही करीत नाही. पाठलागाची गती वाढते तशी क्रियापदे दाटीवाटीने येऊ लागतात, यमके जवळजवळ पडतात. पण सूर तोच राहतो. त्यामुळे श्रोत्याच्या मनात एक अस्वस्थ प्रश्न उभा राहतो : ज्या वस्तीतील मुलांना निजविताना अशी गोष्ट सांगावी लागते, ती वस्ती कोणती? या प्रश्नाचा उच्चार गीतात कोठेही नाही, आणि म्हणूनच तो इतका प्रभावी ठरतो. बोध शब्दांत आला आहे तो मुलांपुरता. प्रौढ श्रोत्यासाठीचा बोध चौकटीत दडलेला आहे.

त्याच्या पठणशैलीचा विचारही येथेच करणे इष्ट होय. समकालीनांपैकी रन-डीएमसी यांचा भर आघातावर होता. १९८७ साली पुढे आलेल्या राकिमने अंतर्यमकांची गुंफण सूक्ष्म केली. रिकने तिसरा मार्ग धरला. त्याचे पठण गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवर चालते. तालाच्या किंचित मागे रेंगाळणारी चाल, मधूनच गुणगुणण्याकडे झुकणारा स्वर, आणि लंडनच्या उच्चारांचा ठसा असलेली संथ, ऐटबाज इंग्रजी ही त्याची लक्षणे होत. ब्रॉन्क्सच्या कानाला हा उच्चार परका, काहीसा खानदानी वाटे. रिकने या परकेपणाचा दोष मानला नाही. त्याचे भांडवल केले. स्वतःला ‘रूलर’ म्हणजे राजा म्हणवून घेणे, गळ्यातील सोन्याचा भार, डोक्यावरील मुकुट या साऱ्या सोंगाला त्या उच्चाराचा आधार होता. आणि ते सोंगच आहे याची मिश्किल जाणीवही त्यातच होती.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र त्याने आख्यानाच्या कामी लावले, हेही महत्त्वाचे आहे. स्वतःचाच आवाज निरनिराळ्या थरांवर मुद्रित करून तो दोन पात्रांचा संवाद घडवितो. एकाचे वाक्य पुरते संपण्यापूर्वी दुसऱ्याचे सुरू होते, आणि हे करणारा कंठ एकच असतो. प्रत्यक्ष पठणात एका श्वासात जे शक्य नाही ते यंत्राच्या साह्याने साध्य झाले. एकट्या कथेकऱ्याने अनेक पात्रे वठविण्याचे कसब प्राचीनच. त्याचा हा नवा विस्तार आहे. ज्या मुलाने तीन बोलींच्या संधीवर उभे राहून ऐकणे शिकले, त्याला पात्रांचे आवाज वेगळे करता यावेत यात नवल नाही. आवाज बदलणे हे त्याच्या दृष्टीने अलंकरण नव्हते. स्थलांतरिताच्या नित्य व्यवहाराचाच तो एक भाग होता.

या संग्रहाच्या उणिवेकडेही डोळेझाक करता येत नाही. त्यातील पहिलेच गीत स्त्रियांविषयी उघड तिरस्काराची भाषा वापरते. ते विनोदी अतिशयोक्ती म्हणून सोडून द्यावे असा पक्ष मांडता येईल. परंतु हाच कवी ‘टीनेज लव्ह’मध्ये कोवळ्या प्रेमाची वेदना हळुवारपणे टिपतो आणि ‘हे यंग वर्ल्ड’मध्ये तरुणांना वडीलकीचा उपदेश करतो. तेव्हा हा तिरस्कार असमर्थतेतून आलेला नाही, निवडीतून आला आहे, असेच म्हणणे प्राप्त होते. मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या आवाजांना त्याने जे न्याय्य स्थान दिले, ते तरुण स्त्रीच्या आवाजाला सर्वत्र दिले नाही.

यानंतरचा चरित्रभाग दुःखद आहे. पूर्वी अंगरक्षक म्हणून काम केलेल्या आपल्याच एका नातेवाइकापासून जिवास धोका आहे अशा समजुतीने १९९० च्या जुलैमध्ये रिकने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो नातेवाईक व एक वाटसरू असे दोघे जखमी झाले. रिकने गुन्हा कबूल केला. ‘द रूलर्स बॅक’ (१९९१) हा दुसरा संग्रह जामिनावर असतानाच्या अल्प अवधीत घाईने मुद्रित झाला, आणि ती घाई त्यात जाणवते. तिसरा, ‘बिहाइंड बार्स’ (१९९४), बंदिवासाच्या काळात निघाला. १९९६ साली त्याची सुटका झाली.

‘चिल्ड्रन्स स्टोरी’तील पोराचे आणि तिच्या कर्त्याचे नशीब एकमेकांशी जोडण्याचा मोह येथे अनेकांना होतो. तो टाळणे बरे. गीत आधीचे, कृत्य नंतरचे. गीत हे भाकीत नव्हे, तसेच कृत्यामुळे गीतातील बोध खोटाही ठरत नाही. उलट, उपदेश करणारा उपदेशाच्या विषयापासून सुरक्षित अंतरावर उभा नव्हता, एवढेच त्यावरून कळते. धर्मपीठावरून केलेला बोध आणि त्याच गल्लीतील काकाने केलेला बोध यांत जो फरक असतो तो हाच.

१९९९ साली आलेल्या संग्रहाला त्याने ‘द आर्ट ऑफ स्टोरीटेलिंग’ हे नाव दिले. आपल्या कलेचे नेमके स्वरूप त्याने स्वतःच ओळखले होते, असे त्यावरून दिसते. तत्पूर्वी १९९३ साली स्नूप डॉगी डॉग याने ‘ला दी दा दी’ची नवी आवृत्ती आपल्या पहिल्या संग्रहात समाविष्ट केली होती, आणि १९९८ साली आउटकास्ट या अटलांटाच्या जोडीने आपल्या गीताचे शीर्षकच कथाकथनाच्या कलेवरून घेतले होते. मौखिक परंपरेत मूळ रचना पुढील कवीने उचलावी, बदलावी, आपल्या गावच्या उच्चारात म्हणावी, हा सन्मानाचा प्रकार असतो. रिकच्या रचनांना तो त्याच्या हयातीत आणि उमेदीच्या काळातच लाभला.

परंतु ज्या देशाच्या काव्याने त्याला असे आपले मानले, त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तो परकाच होता. २००२ साली एका जलपर्यटनाच्या नौकेवरील कार्यक्रम आटोपून फ्लॉरिडात परतताना त्याला अटक झाली. शिक्षा भोगलेला परदेशी नागरिक म्हणून त्याला इंग्लंडला परत धाडण्याचा प्रयत्न झाला, आणि सतरा महिने तो स्थानबद्धतेत राहिला. २००३ च्या अखेरीस तो मुक्त झाला. २००८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे राज्यपाल डेव्हिड पॅटरसन यांनी त्याला माफी दिली. आणि २०१६ साली, म्हणजे ब्रॉन्क्समध्ये पाऊल ठेवल्यानंतर चाळीस वर्षांनी, तो अमेरिकेचा नागरिक झाला. २०२३ साली ग्रॅमी पारितोषिके देणाऱ्या संस्थेने त्यास जीवनगौरव बहाल केला. २०२५ मध्ये ‘व्हिक्टरी’ हा नवा संग्रहही प्रसिद्ध झाला.

एखादा कवी कोणत्या वाङ्मयाचा, हे त्याच्या पारपत्रावरून ठरत नाही, ही गोष्ट बहुभाषिक देशातील वाचकांस निराळी सांगावयास नको. मात्र स्लिक रिकच्या बाबतीत या विधानाला आणखी एक पदर आहे. त्याचा परकेपणा त्याच्या काव्याच्या वाटेत आला नाही. त्या परकेपणातूनच ते काव्य घडले. लंडनचा उच्चार, जमेकन घरातील बोलणे आणि ब्रॉन्क्सचा ताल यांपैकी एक जरी वजा केला तरी त्याचा निवेदक उभा राहत नाही. अमेरिकन रॅपला आख्यानाचा निश्चित आकार ज्यांनी दिला त्यांतील एक प्रमुख कवी त्या देशाचा नागरिक नव्हता, ही वस्तुस्थिती वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांनी तळटीपेत न ढकलता प्रकरणाच्या मध्यभागी ठेवणे उचित होईल.