खटक्याचा चाकू आणि खराडी बायपास

यंदा खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पेटी काढली. आमच्या घरात पूजेला मांडायला तलवार वगैरे नाही. विळी, अडकित्ता, पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि हल्ली लॅपटॉप, एवढ्यांवरच फुलं पडतात. त्यांच्या जोडीला गेली काही वर्षं माझे चाकू असतात. सगळे घडीचे. एक खटक्याचा रामपुरी (लहान, साडेचार इंची पात्याचा), एक फ्रान्सचं ओपिनेल, दोन स्विस आर्मी, आणि एका मित्रानं अमेरिकेतून आणलेला काळाकभिन्न 'टॅक्टिकल' प्रकार. हा शेवटचा खास स्वसंरक्षणासाठी बनवलेला, एका अंगठ्यानं उघडणारा.

लेक पेढा खाता खाता म्हणाली, "बाबा, हा काळा मला दे ना. पर्समध्ये ठेवते." तिची नवी नोकरी इथलीच, खराडीतली. शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला.

मी पटकन "नाही" म्हणालो आणि मग कारण काही सांगता येईना. कायदा, असं पुटपुटलो. पण कायदा काय म्हणतो हे तरी मला नीट कुठे माहीत होतं?

अंगावर लपवलेल्या शस्त्राची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट प्रतापगडाची, १० नोव्हेंबर १६५९ची. वाघनख मुठीत मावतं, बाहेरून बोटांतल्या अंगठ्या तेवढ्या दिसतात. लहानपणी गोष्ट ऐकताना आपल्याला फक्त ती नखं लक्षात राहतात. अंगरख्याखालचं चिलखत, जवळ उभा असलेला जिवा महाला, रानात दबा धरून बसलेली फौज, आधी वाटाघाटी करून ठरवून घेतलेली भेटीची जागा, हे सगळं मागे पडतं. वाघनख ही त्या तयारीतली अगदी शेवटची वस्तू होती. ती एकटीच घेऊन महाराज शामियान्यात गेले नव्हते.

आणि तीच वस्तू संग्रहात गेली की काय होतं बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला असलेल्या ग्रँट डफकडून गेलेली. ती तीन वर्षांच्या बोलीवर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती महाराजांचीच याचा पुरावा नाही, हे ते म्युझियम स्वतःच सांगतं. तरी लोकांनी रांगा लावल्या. काचेपलीकडच्या शस्त्राला कुणी घाबरत नाही, आपण त्याला नमस्कार करतो. आपल्या केळकर संग्रहालयातही हत्यारांच्या दालनापेक्षा मी अडकित्त्यांपाशी जास्त रेंगाळतो. सुपारी कातरायची वस्तू, पण घडणीत कट्यारीला लाजवेल!

कट्यारीवरून आठवलं. दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मध्ये राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत स्वसंरक्षणासाठी एक खून माफ. दरबारात असं चालत असेल. खराडीत नाही :)

तर कायदा. १९५९च्या शस्त्र कायद्याची व्याख्या मोठी गमतीची आहे. ती धार बघत नाही, हेतू बघते. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरकामाची किंवा शेतीची असेल तर नाही. म्हणजे आमची विळी सुटली, तो काळा चाकू अडकला. 'बचावासाठी' हा शब्द तिथे सूट म्हणून आलेला नाही, उलट व्याख्येतच बसवलाय. पुढे १९६२च्या नियमांनी माप दिलं: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या वर्गात. सिनेमातले ते लांबलचक रामपुरी त्यात जातात, माझी पेटी खाली राहते. जमवणाऱ्याचं भागलं.

बाळगणाऱ्याचं मात्र तेवढ्यानं भागत नाही. १९५१चा पोलीस अधिनियम आहे, पूर्वी मुंबईचा म्हणायचे, आता महाराष्ट्राचा. त्याच्या कलम ३७खाली सणासुदीला, निवडणुकीच्या तोंडावर आदेश निघतात. तो लागू असताना रस्त्यावर चाकूच काय, लाठी नेणंही गुन्हा. इंचांचा प्रश्नच नाही.

हे सगळं बाजूला सारून २३ जानेवारी २०१३ला मुंबईत शिवसेनेनं बायकांना चाकू वाटायला घेतले. दिल्लीच्या घटनेला महिना झाला होता, बाळासाहेबांची जयंती होती. आकडा २१ हजारांचा, पातं तीन इंची. वापरायला घाबरू नका, वकील आम्ही देऊ, असंही सांगितलं गेलं. त्या वेळी मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. स्वतःचा जीव वाचवायचा अधिकार कायद्यानं दिलेलाच आहे (पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ९६ ते १०६, जुलै २०२४पासून न्याय संहितेची ३४ ते ४४). बलात्काराच्या हेतूनं झालेल्या हल्ल्यात समोरच्याचा जीव गेला तरी तो अधिकार टिकतो. मग हातात काहीतरी असावं, असं वाटणं चूक कसं?

पण मी राहतो तिथून खराडी बायपास दिसतो. ७ ऑक्टोबर २००९ला संध्याकाळी काम संपवून एक इंजिनिअर मुलगी तिथे घरी जायला उभी होती. एका कॅबचालकानं लिफ्ट देऊ केली. दोन दिवसांनी खेड तालुक्यात तिचा मृतदेह सापडला. आरोपी चार. एक माफीचा साक्षीदार झाला, उरलेल्या तिघांना पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली ती मे २०१७ मध्ये. चालत्या गाडीत चार माणसं, आणि पर्सच्या तळाशी, किल्ल्या-चार्जरच्या गुंत्यात, तीन इंची पातं. मी ते चित्र डोळ्यासमोर आणून पाहिलं. चाकू दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिसला.

हे सगळं लेकीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू कशाला जमवतोस?"

रामपुरीचा तो 'खट्' आवाज. लहानपणी टॉकीजमध्ये तो आला की अंगावर काटा यायचा, म्हणून. आणि रात्री साडेअकराला रस्त्यावरून एकटं येताना मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही, म्हणूनही असेल. हे दुसरं मी तिला बोललो नाही. तिला ते माहीत असावं.

शेवटी काळा पेटीतच राहिला. ऑफिसच्या गाडीनं दारापर्यंतच सोडायचं, वाटेत उतरायचं नाही, गाडीचा नंबर निघताना मला पाठवायचा, असं ठरलं. ओपिनेल मात्र तिनं हट्टानं नेलंच, डब्यातलं सफरचंद चिरायला. पहिल्याच दिवशी गेटवरच्या तपासणीत अडकलं आणि सुटताना परत मिळालं. तेव्हापासून ते माझ्या स्कूटरच्या डिकीत पडलंय. मागच्या आठवड्यात नाकाबंदीला पोलिसांनी नेमकी डिकी उघडायला लावली. मी घाईघाईनं वरचे पेरू दाखवले.