कर्करोग-संशोधनातील सामाईक प्रयोगशाळा आणि वऱ्हाडचा रुग्ण

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'सामाईक विहीर' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही. विहीर एक, वाटेकरी अनेक; पाणी पाळीने घ्यावयाचे. आजची जनुकसंच-प्रयोगशाळा याच अर्थाने सामाईक संस्था होय. जनुकीय क्रम वाचणारे यंत्र पूर्ण भरले काय किंवा अर्धे भरले काय, एका फेरीचा खर्च जवळजवळ सारखाच येतो. म्हणून अनेक संशोधकांचे नमुने एकत्र घालतात. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना एक ओळखखूण आधी जोडलेली असते आणि वाचन झाल्यावर त्या खुणेवरून ते संगणकाने निवडले जातात. अशा संस्थेचा मुंबईतील पूर्वेतिहास व तिचे वऱ्हाडातील रुग्णाशी असलेले नाते यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यंत्र नवे असले तरी त्यामागील कल्पना तशी नवी नाही. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. शल्यविशारदांनी काढलेली ऊती एकाच विकृतिशास्त्र-प्रयोगशाळेत यावी, तिची तपासणी एकाच पद्धतीने व्हावी आणि तिच्यासोबत रुग्णाची हकीकतही जतन व्हावी, या शिस्तीचे फळ लवकरच दिसले. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा खानोलकरांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. 'सलग' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. निवडक, नवलाच्या रुग्णांची ती जंत्री नव्हती. पुढे १९४९ मध्ये संघवी व खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांतील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती मांडली. कर्करोग व अनुवंश यांचे अभ्यास एका छपराखाली आले ते असे.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून आलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. रुग्णालय व संशोधनसंस्था १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेल्या, १९६६ मध्ये त्यांचे एकीकरण झाले. २००२ मध्ये संशोधनाचे बिऱ्हाड खारघरला हलले. प्रशासनाचा हा इतिहास एवढाच पुरे.

खरे फळ २०१३ मध्ये हाती आले. २००८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच संघात भारताने आपल्या वाट्याला घेतला तो हिरडी व गाल यांच्या संधीवरील कर्करोग. तंबाखू-चुन्याची चिमूट दाढेखाली जेथे धरतात तीच ही जागा. बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था आणि खारघरचे केंद्र यांनी मिळून प्रथम ५० रुग्णांच्या अर्बुदांतील प्रथिने घडविणाऱ्या जनुकभागाचे वाचन केले व निष्कर्ष आणखी ६० रुग्णांत पडताळले. टीपी५३, नॉच१ यांसारख्या ओळखीच्या जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एआरआयडी२ आदी पाच नवी नावे पुढे आली. एकेका रुग्णालयाला आपल्या बळावर हे साधले नसते.

तथापि विहिरीवर हक्क असणे निराळे आणि पाणी शेतापर्यंत पोहोचणे निराळे. अशा कामाला शस्त्रक्रियेनंतर तत्काळ गोठविलेली ऊती उत्तम. शिवाय जन्मजात फरक वगळता यावेत म्हणून त्याच रुग्णाचे रक्तही लागते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसविलेली ऊती वर्षानुवर्षे टिकते हे खरे, पण तिच्यातील डीएनए तुटका असतो. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. तेव्हा येथील नमुना पेटीतून मुंबईला जात नाही, तो मलकापूर वा शेगावच्या फलाटावरून रुग्णाच्या देहातच जातो. ज्याला जाणे परवडत नाही त्याचा नमुना जातच नाही. आणि जो गेला त्याच्या पुढ्यात गाव कोणते लिहिले जाईल? खानोलकरांच्या त्या निबंधाच्या शीर्षकातही 'मुंबई' हेच नाव आहे. त्या रुग्णालयात तर देशभरचे लोक येतात.

भाषाभ्यासकाला येथे आणखी एक अडचण दिसते, आणि माझ्या मते ती यंत्राच्या किमतीहून गंभीर आहे. अर्बुदातील बदलाचा संबंध सवयीशी जोडावयाचा तर सवयीची नोंद चोख हवी. पण 'तंबाखू खाता का?' हा प्रश्न मराठीत वाटतो तितका सरळ नाही. मशेरी 'लावतात', चुना घालून तंबाखू 'मळतात', विडी 'ओढतात', खर्रा आणि गुटखा 'खातात'. मशेरी लावणारी बाई 'मी तंबाखू खात नाही' असे म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिच्या बोलीत ते क्रियापद त्या वस्तूला लागतच नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी असल्याने त्याचे नाव घेताना माणूस बिचकतो, हे वेगळेच. खर्ऱ्यात तर सुपारीही असते, आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरली आहे. म्हणजे रकान्यातील एका 'नाही'मागे तीन निरनिराळे अर्थ दडलेले असू शकतात. डीएनएवर काही कारकांच्या खुणा उमटतात व वाचता येतात हे मान्य. परंतु कोणती वस्तू, किती वर्षे, कोणत्या गालात, हे त्या खुणा सांगत नाहीत.

यास्तव संमतिपत्र व प्रश्नावली यांचे मराठी रूप प्रमाणभाषेतून भाषांतरित करून भागणार नाही. घाटावर आणि घाटाखाली, चिखली-मेहकरकडे आणि जळगाव जामोदकडे, वस्तू व क्रियापद यांच्या कोणत्या जोड्या चालतात त्यांची सूची आधी तयार व्हावी लागेल. आणि प्रश्न विचारणाऱ्या परिचारिकेच्या हाती ती रुग्ण गाडीत बसण्यापूर्वीच, तालुक्याच्या दवाखान्यात असावी लागेल.